सांडलेल्या तेलाचा हिशेब

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एका जहाजाचें चित्र आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर ताणलेलीं उभीं शिडें, आणि ओळीनें मांडून ठेवलेले रांजण, असा त्या जहाजाचा थाट आहे. सोपाऱ्याच्या पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची जी कथा बौद्ध वाङ्मयांत प्रसिद्ध आहे, तिच्यांतील समुद्रप्रवासाचा हा प्रसंग होय. सोपारा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यांतील नालासोपारा. एके काळीं तें पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होतें. अजिंठ्यापासून समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी तीनशें किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. तरीहि त्या डोंगरांत बसून चित्र काढणाऱ्या कारागिराला व तें पाहणाऱ्या यात्रिकाला जहाज ही अपरिचित वस्तु नव्हती. कारण समुद्रावरचा व्यापार घाटमार्गांनीं चढून त्यांच्या दाराशीं येऊन पोहोंचत होता.

आज रस्ते झाले, मोटारी आल्या, आगगाड्या आल्या. तेव्हां समुद्राशीं आपला फारसा संबंध उरला नाहीं, असें देशावरील गृहस्थाला वाटणें स्वाभाविक आहे. वस्तुस्थिति मात्र नेमकी उलट आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलापैकीं शेंकडा पंच्याऐंशींहून अधिक तेल परदेशांतून येतें, आणि तें जहाजांनीं येतें. मुंबई बंदरांत घारापुरीजवळ जवाहर द्वीप नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेलवाहू जहाजें तेथील धक्क्यास लागतात. त्यांतील तेल पाण्याखालून घातलेल्या नळांनीं माहूल व तुर्भें येथील शुद्धीकरणाच्या कारखान्यांकडे जातें. आणि तयार झालेलें पेट्रोल व डिझेल जमिनीखालील नळानें सह्याद्रि ओलांडून मनमाडजवळ पानेवाडी येथील साठ्यांत येतें. तेथून टँकर निघतात. तेलाचा मार्ग असा समुद्रांतून घाटावर येतो, आणि अजिंठ्याचा घाट चढणारी मोटार त्या समुद्रप्रवासाच्या आधारानेंच धांवते. जें जहाज आपल्या गरजेसाठीं येतें, त्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीचा हिशेबहि आपल्यापर्यंत यावयास हवा. तो हिशेब बहुधा अर्धाच मांडला जातो. उरलेला अर्धा भाग कोणता, व तो कां मांडला जात नाहीं, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम तेल पाण्यावर पडल्यावर काय घडतें तें समजून घेऊं. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें तें तरंगतें व पसरतें. एक घनमीटर तेल, म्हणजे साधारण पांच मोठीं पिंपें, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीच्या थरांत पसरलें, तर तें एक चौरस किलोमीटर पाणी झांकून टाकतें. इंद्रधनुष्यासारखे रंग ज्या तवंगावर चमकतात, तो तवंग याहूनहि पातळ असतो. पेट्रोल-रॉकेलासारखीं हलकीं तेलें उन्हावाऱ्यानें लवकर उडून जातात. परंतु मोठ्या जहाजांच्या यंत्रांत जें जाड इंधन-तेल दीर्घ काळ वापरण्यांत आलें, तें निराळ्या जातीचें आहे. कच्च्या तेलांतून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर जो काळा, दाट भाग तळाशीं राहतो, त्यापासून तें तयार होतें. थंड झालें म्हणजे तें नळांतून वाहातहि नाहीं. त्यास तापवावें लागतें. असलें तेल समुद्रांत पडलें म्हणजे तें फार थोडें उडतें. उलट लाटांनीं घुसळलें जाऊन तें पाणी पोटांत घेतें, आणि मूळच्या तिप्पट-चौपट आकाराचा तांबूस-काळा चिकट लगदा बनतो. हा लगदा वाऱ्याबरोबर व प्रवाहाबरोबर सरकतो, किनाऱ्यास लागतो, वाळूंत रुततो. आणि जो भाग समुद्रांतच राहतो त्याचे कालांतरानें डांबरगोळे बनतात.

हे डांबरगोळे गोमंतकाच्या किनाऱ्यावरील लोकांना चांगले परिचित आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशीं व पावसाळ्यांत, नैर्ऋत्येचे वारे वाहूं लागले म्हणजे ते पुळणीवर येऊन पडतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें त्यांचा अभ्यास केलेला आहे. कांहीं गोळे समुद्रांतील तेलविहिरींच्या क्षेत्रांतून, तर कांहीं भर समुद्रांत टाक्या धुऊन घाण पाण्यांत सोडणाऱ्या तेलवाहू जहाजांपासून येतात, असें त्यांच्या रासायनिक परीक्षणावरून दिसून आलें आहे. येथें कोणतेंहि जहाज आदळलेलें नसतें, कोणताहि अपघात जाहीर झालेला नसतो. तेल सांडणें ही केवळ अपघाताचीच गोष्ट नाहीं. तिचा बराचसा भाग रोजच्या बेपर्वाईचा आहे.

वाळूच्या किनाऱ्यावरील तेल निदान डोळ्यांना दिसतें व फावड्यानें उचलतां येतें. खरी हानि खाडीच्या चिखलांत होते. कोंकणांतील खाड्यांच्या कांठीं तिवरांचीं रानें आहेत. आजकाल त्यांस कांदळवन असेंहि म्हणतात. महाराष्ट्रांत त्यांचा विस्तार तीनशें चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. तिवराचीं झाडें ज्या चिखलांत उभीं असतात त्यांत हवा जवळजवळ नसते. म्हणून त्या झाडाच्या मुळांपासून पेन्सिलीएवढीं शेंकडों श्वासमुळें चिखलाबाहेर वर येतात आणि त्यांच्या सालीवरील बारीक छिद्रांतून हवा खालीं पोहोंचते. दाट तेलाचा लेप बसला म्हणजे हीं छिद्रें बुजतात. माणसाच्या नाकातोंडाला चिखल लावावा, तसाच हा प्रकार. झाड लगेच मरत नाहीं. पानें पिवळीं पडतात, गळतात, आणि कांहीं महिन्यांनीं झाड वाळतें. तोंवर वर्तमानपत्रांनीं तो विषय सोडून दिलेला असतो. शिवाय भरती-ओहोटी दिवसांतून दोनदां होत असल्यामुळें तेल एकदांच येऊन थांबत नाहीं. तें रोज आंत येतें व बाहेर जातें, आणि प्रत्येक खेपेस थोडें मागें ठेवून जातें. हवेवांचून तेल कुजवणारे सूक्ष्म जीव नीट काम करूं शकत नाहींत. म्हणून चिखलांत शिरलेलें तेल वर्षानुवर्षें तसेंच राहतें. याच चिखलांत कोळंबीचीं व अनेक माशांचीं पिलें वाढतात. निवट्या, चिंबोऱ्या, कालवें व शिंपल्या याच चिखलाच्या आधारानें जगतात. तिवराचें रान म्हणजे समुद्राचें बाळंतघर आहे.

आतां ज्या अपघातानें ही सर्व हानि मुंबईच्या दाराशीं आणून ठेवली, त्याकडे वळूं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं, शनिवारीं सकाळीं, मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एम. एस. सी. चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा हें मालाच्या लोखंडी पेट्या वाहून नेणारें जहाज न्हावा-शेवा बंदरांतून बाहेर निघालें होतें. दुसरें बंदरांत येत होतें. चित्रावर बाराशें पेट्या व सुमारें २,६६० टन इंधन-तेल होतें. टक्करीनंतर जहाज एका अंगावर कलंडलें, सुमारें तीनशें पेट्या समुद्रांत पडल्या, आणि अदमासें ८०० टन तेल बाहेर आलें. कांहीं पेट्यांत कीटकनाशकें होतीं. खलाशांना वांचविण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट. परंतु पुढील दिवसांत तेलाचे थर घारापुरी, उरण, अलीबागकडील किनारा व खाडीकांठचीं तिवरें यांपर्यंत पसरले. तटरक्षक दलाचीं जहाजें व विमानें कामास लागलीं. मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांचा समुद्रमार्ग एकच असल्यामुळें, आणि त्या मार्गांत पेट्या तरंगत असल्यामुळें, देशांतील सर्वांत गजबजलेल्या बंदरांची वाहतूक कित्येक दिवस बंद पडली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या दोहोंपैकीं एकहि तेलवाहू जहाज नव्हतें. जें सांडलें तें चित्राच्या स्वतःच्या यंत्रासाठीं घेतलेलें तेल होतें. लोकांना तेलाच्या अपघातांत टँकर तेवढा दिसतो. पण आजच्या काळांतील कोणतेंहि मोठें मालवाहू जहाज आपल्या पोटांत शेंकडों, कधीं हजारों टन तेल घेऊन हिंडत असतें.

अशा अपघाताचा हिशेब मांडतांना एका बाजूस ज्या रकमा सहज येतात, त्या कोणत्या? जहाजाची किंमत, पेट्यांतील मालाची किंमत, बंदर बंद राहिल्यामुळें खोळंबलेल्या जहाजांचें भाडें, तेल गोळा करणाऱ्या बोटी, माणसें व औषधें यांचा खर्च. या प्रत्येक बाबीला पावती आहे, विम्याचा कागद आहे, आणि तिच्यामागें उभा असलेला वकील आहे. परंतु दुसऱ्या बाजूस पाहा. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस संपत आले होते. त्या वर्षीं नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. दोन महिने होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, जाळीं दुरुस्त करण्यासाठीं कर्ज काढलेलें, आणि हंगाम उघडण्याच्या नेमक्या वेळीं पाण्यावर तेल. तेल लागलेलें जाळें धुतां येत नाहीं. तें टाकावेंच लागतें. मासे खाऊं नयेत असा इशारा प्रसिद्ध झाला, आणि बाजारांतील गिऱ्हाईक हटलें. जो मासा दूरच्या स्वच्छ पाण्यांत पकडला होता त्यासहि कोणी विचारीना. असल्या प्रसंगीं तेलानें मरणाऱ्या माशांपेक्षां भीतीनें न विकले जाणारे मासे अधिक असतात. आणि दोन्हींचा बोजा एकाच घरावर पडतो.

त्याहून खालची पायरी अशी. खाडीच्या चिखलांत ओहोटीच्या वेळीं उतरून शिंपल्या व कालवें गोळा करणाऱ्या, हातजाळ्यानें कोळंबी धरणाऱ्या ज्या बाया असतात, त्यांची कोठेंहि नोंद नसते. त्यांस होडी नसते, म्हणून होडीचा परवाना नसतो. संस्थेचें सभासदत्व नसतें. विक्रीची पावती नसते. सकाळीं मिळालें तें टोपलींत घालून दारोदार विकावयाचें, उरलें तें घरीं शिजवावयाचें. चिखलांत तेल शिरलें म्हणजे त्यांची मिळकत थांबते, पण ती किती होती हें सिद्ध करण्यास त्यांच्यापाशीं एक चिटोरेंहि नसतें. ज्यांच्याजवळ पावती आहे त्यांचें नुकसान मोजलें जातें. ज्यांच्याजवळ नाहीं त्यांचें नुकसान झालेंच नाहीं, असें ठरतें. हिशेबाचा जो अर्धा भाग मांडला जात नाहीं, तो हा.

कोणी म्हणेल कीं, तेल गोळा केलें, किनारा धुतला, म्हणजे झालें. दुर्दैवानें तसें होत नाहीं. समुद्रांत तेलाभोंवतीं तरंगतें कुंपण घालून तें यंत्रानें ओढून घेणें, हा पहिला उपाय. पण पावसाळ्यांत लाटा मोठ्या असतात, तेल कुंपणावरून व कुंपणाखालून निसटतें. आणि अनुकूल परिस्थितींतहि सांडलेल्या तेलाचा थोडाच भाग परत हातीं लागतो, असा जगभरचा अनुभव आहे. दुसरा उपाय म्हणजे तेलाचे बारीक कण करून तें पाण्यांत मिसळून टाकणारीं रसायनें फवारणें. यानें तवंग दिसेनासा होतो, पण तेल नाहींसें होत नाहीं. तें पृष्ठभागावरून खालीं, माशांच्या अंड्यांपर्यंत जातें. म्हणून खोल समुद्रांत जो उपाय क्षम्य, तोच उथळ खाडींत घातक ठरूं शकतो. तिवरांत तर माणसें शिरलीं म्हणजे त्यांच्या पायांखालीं श्वासमुळें मोडतात आणि वरचें तेल चिखलांत खोल दाबलें जातें. २८ जानेवारी २०१७ रोजीं मद्रासजवळ एन्नोर येथें ‘डॉन कांचीपुरम्’ हें तेलवाहू जहाज व ‘बी. डब्ल्यू. मेपल’ हें वायुवाहू जहाज यांची टक्कर झाली, तेव्हां किनाऱ्यावरील दगडांत अडकलेला काळा लगदा शेंकडों माणसांनीं बादल्यांनीं उपसला. एकविसाव्या शतकांतील जहाजें आणि त्यांच्या पापावर विहिरीच्या काळचा उपाय, असें तें दृश्य होतें.

उपाय हाच अपाय कसा होतो, याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांत घडलें. १८ मार्च १९६७ रोजीं ‘टॉरी कॅन्यन’ हें तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळच्या खडकांवर आदळलें. त्यावर सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल होतें. सरकारनें विमानांतून बाँब टाकून तें जाळण्याचा प्रयत्न केला, आणि किनाऱ्यावर त्या काळचीं उग्र धुण्याचीं रसायनें हजारों टन ओतलीं. पुढें शास्त्रज्ञांनीं तपासलें तेव्हां दिसून आलें कीं, कित्येक ठिकाणीं खडकांवरील जीव तेलापेक्षां त्या रसायनांनींच अधिक मेले, आणि जेथें रसायनें पडलीं नव्हतीं ते किनारे लवकर सावरले.

अजिंठ्यास गेलेल्या रसिकांना ही गोष्ट पटविण्यास दूर जावयास नको. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटालियन तज्ज्ञांकडून तेथील चित्रांची दुरुस्ती करविली. निखळत चाललेला रंगाचा थर त्यांनीं भिंतीशीं घट्ट बसविला. तें काम मोलाचें होतें. परंतु चित्रें उजळ दिसावींत व टिकावींत म्हणून जो रोगणाचा हात दिला गेला, तो पुढें पिवळा पडला, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि तो काढून टाकण्याचें काम पुराणवस्तु खात्याच्या रसायनज्ञांना कित्येक दशकें पुरलें. सद्हेतूनें लावलेला लेप काढणें हें लावण्याहून कठीण असतें. त्याच ठिकाणीं पुढें योजलेला दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा आहे: खाजगी मोटारी लेण्यांपासून सुमारें चार किलोमीटरांवर फर्दापूरच्या फांट्याशीं थांबवावयाच्या, आणि प्रवाशांना कमी धूर सोडणाऱ्या बसगाड्यांतून पुढें न्यावयाचें. धूर भिंतीवर बसूं देऊन मग पुसण्यापेक्षां तो भिंतीपर्यंत येऊंच न देणें बरें.

तेलाच्या बाबतींतहि प्रतिबंध साधतो, याचा पुरावा आहे. टॉरी कॅन्यननंतर जागतिक पातळीवर नियम होऊं लागले. १९७३ व १९७८ च्या करारांनीं टाक्या धुऊन तेल समुद्रांत सोडण्यावर निर्बंध आले. २४ मार्च १९८९ रोजीं ‘एक्झॉन वाल्डेझ’ हें जहाज अलास्कांत खडकावर चढलें व सुमारें ३७,००० टन तेल सांडलें. त्यानंतर तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ व दुहेरी बाजू असाव्यात, हा नियम प्रथम अमेरिकेंत व मग सर्वत्र आला. परिणाम असा कीं, १९७० नंतरच्या दशकांत तेलवाहू जहाजांचे सातशें टनांवरील अपघात वर्षाला सरासरी चोवीसांवर होत. २०१० नंतरच्या दशकांत ही सरासरी दोहोंच्याहि खालीं आली. या काळांत समुद्रावरून जाणारें तेल वाढलें, अपघात मात्र घटले. दैवास बोल लावणाऱ्यांनीं हे आंकडे पाहावेत.

तथापि अलास्काचा अनुभव दुसरीहि गोष्ट सांगतो. एवढा पैसा व एवढीं माणसें लावूनहि कित्येक पुळणींच्या दगडांखालीं तें तेल दशकांनंतरहि सांपडत राहिलें. तेथील हेरिंग माशांचा धंदा १९९३ सालीं कोसळला. त्याचें कारण तेल कीं रोग, यावर शास्त्रज्ञांचा वाद झाला. पण मच्छीमारांचे संसार मध्यंतरीं थांबले नाहींत. ज्यूरीनें १९९४ सालीं कंपनीला ५ अब्ज डॉलरांचा दंड सुनावला. अपिलांवर अपिलें होऊन २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो सुमारें ५० कोटी डॉलरांवर आणला. अपघातापासून तोंवर एकोणीस वर्षें गेलीं. या अवधींत कित्येक दावेदार मरण पावले होते.

आपल्याकडील कायद्याची स्थिति काय आहे? तेलवाहू जहाजाच्या मालकानें, चूक कोणाची हें न पाहतां, ठराविक मर्यादेपर्यंत भरपाई दिलीच पाहिजे, व त्यासाठीं विमा उतरविलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय करार १९६९ सालीं झाला व १९९२ सालीं तो सुधारण्यांत आला. मालकाची रक्कम अपुरी पडल्यास तेल घेणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणींतून उभारलेल्या निधींतून पुढील भरपाई मिळते. भारत या दोन्ही व्यवस्थांत सामील आहे. पण त्यांचा लाभ तेलवाहू जहाजांच्या अपघातापुरताच. इतर जहाजांच्या इंधन-तेलासाठीं २००१ सालीं निराळा करार झाला, तो २००८ च्या नोव्हेंबरांत अमलांत आला. आणि चित्राच्या अपघाताच्या वेळीं, २०१० सालीं, भारत त्यांत सामील झालेला नव्हता. ज्या जातीच्या तेलानें मुंबईची खाडी काळी केली, त्या तेलाविषयींचें कवच त्या दिवशीं अंगावर नव्हतें.

पुढच्याच वर्षीं, ४ ऑगस्ट २०११ रोजीं, साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन जाणारें ‘राक’ हें जहाज मुंबईपासून सुमारें वीस सागरी मैलांवर बुडालें. त्याच्या पोटांत सुमारें २९० टन इंधन-तेल व ५० टन डिझेल होतें. तें पाझरूं लागलें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २३ ऑगस्ट २०१६ रोजीं जहाजाशीं संबंधित कंपन्यांवर १०० कोटींची, व ज्यांचा कोळसा होता त्या कंपनीवर ५ कोटींची भरपाई बसविली. निकालाचें महत्त्व मोठें आहे. दूषित करणाऱ्यानें भरावें, हें तत्त्व समुद्रावरहि लागू झालें. परंतु निकालास पांच वर्षें लागलीं. त्याच ऋतूंत, २०११ च्या जुलैअखेर, खलाशांनीं ओमानजवळ सोडून दिलेलें ‘पवित’ नांवाचें तेलवाहू जहाज कोणाच्या लक्षांत न येतां अरबी समुद्र ओलांडून जुहूच्या वाळूंत येऊन रुतलें. त्यांत तेलाचा माल नव्हता, हें मुंबईचें सुदैव. मात्र सुदैव म्हणजे व्यवस्था नव्हे. २५ मे २०२५ रोजीं कोचीनजवळ ‘एम. एस. सी. एल्सा-३’ हें जहाज साडेतीनशें टनांहून अधिक इंधन-तेलासह बुडालें, आणि केरळ सरकारनें ९,५३१ कोटी रुपयांचा दावा मांडला. प्रश्न जुना झालेला नाहीं.

दावा मांडला म्हणजे पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. अपघातापूर्वीं या खाडींत कोळंबी किती मिळत होती? तिवरें किती व कोणत्या वाढीचीं होतीं? चिखलांत तेलाचा अंश आधींपासून किती होता? मुंबईसारख्या ठिकाणीं कारखान्यांची व शहराची घाण रोजच खाडींत येत असते. तेव्हां जहाजाचा वकील सहज म्हणूं शकतो कीं, खाडी मुळांतच मेलेली होती, आमच्या तेलानें काय विशेष झालें? या प्रश्नाला अपघातानंतर काढलेल्या छायाचित्रांनीं उत्तर देतां येत नाहीं. त्याला आधींची नोंदच लागते.

नोंदीचें मोल काय असतें, हें सुद्धां अजिंठ्यानेंच महाराष्ट्राला दाखविलें आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनीं तेथील चित्रांच्या नकला करण्यास आरंभ केला. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्यांतील कांहीं १८८५ च्या आगींत गेल्या. तरी ज्या उरल्या, त्यांच्यामुळेंच मूळ भिंतीवरून पुढें नाहींसे झालेले कित्येक भाग कसे होते हें आज सांगतां येतें. वस्तु असतांना घेतलेली नोंद, आणि ती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवलेली, एवढेंच नष्ट झालेल्या गोष्टीच्या बाजूनें साक्ष देऊं शकतें.

समुद्रासाठीं अशी नोंद करणें फार खर्चाचें नाहीं. प्रत्येक मोठ्या खाडींतील चिखल व पाणी ठराविक महिन्यांत तपासून त्याचे आंकडे प्रसिद्ध करावे. तिवरांचा नकाशा दरवर्षीं तयार व्हावा. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करीत आहे, त्याच्याकडे हें काम स्वाभाविकपणें येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, होडी नसलेल्या मच्छीमारांची, खाडींत उतरणाऱ्या बायांची नांवनिशी गांवोगांवच्या मच्छीमार संस्थांनीं ठेवावी. कोणत्या महिन्यांत साधारण किती टोपल्या मिळतात, भाव काय येतो, हें साध्या वहींत उतरून ठेवावें. कागदपत्र नसलेल्या लहान मच्छीमारांचे दावेहि इतर साधनांनीं पडताळून मान्य करण्याची रीत उपरोक्त आंतरराष्ट्रीय निधीनें अवलंबिली आहे. पण पडताळणीस कांहीं तरी आधार हवाच. शाळेच्या मुलांनीं लिहिलेली अशी एक वही न्यायालयांत शंभर भाषणांपेक्षां अधिक बोलेल.

हें सर्व आज सांगण्यास कारण आहे. ज्या पालघर जिल्ह्यांत प्राचीन सोपारा होतें, त्याच जिल्ह्यांत डहाणूजवळ वाढवण येथें सुमारें ७६,००० कोटी रुपये खर्चाच्या अतिभव्य बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं त्यास दीर्घ काळ विरोध केला आहे; व्यापाराच्या दृष्टीनें त्याचे लाभ सांगणारेहि पुष्कळ आहेत. त्या वादाचा निर्णय कसाहि लागो, एक गोष्ट दोन्ही पक्षांना सारखीच हिताची आहे. मोठीं जहाजें तेथें येऊं लागण्यापूर्वीं त्या पाण्यांत काय आहे, त्या चिखलांत काय वाढतें, आणि त्यावर किती चुली पेटतात, हें लिहून ठेवलें पाहिजे. बैल गेल्यावर झोपा करण्यांत अर्थ नसतो. आणि किती बैल होते हेंच ठाऊक नसेल, तर गेलेल्याबद्दल मागणीहि करतां येत नाहीं. तेल वापरणारीं घरें देशावर आहेत व नुकसान सोसणारीं घरें किनाऱ्यावर. त्या किनाऱ्यावरच्या घरांची वही वेळेवर भरली जावी, अशी मागणी करणें हें देशावरच्या घरांचेंहि काम आहे.